दारातली मिठी

सोमवार, ३ मार्च

धाकटा घरी आला. व्यसनमुक्ती केंद्रातून थेट, एक पिशवी घेऊन. दारातच त्याला मिठी मारली. आमच्यात असले लाड कधीच नव्हते. तो अवघडला, मग कानाशी म्हणाला, "झाली का तपासणी, ताई?"

वास साबणाचा होता.

बुधवार, ५ मार्च

केंद्राने घरी येणारा एक कोच दिला आहे. पूर्वी बस चालवायचा आणि प्यायचाही. आता सुटलेल्यांना नि त्यांच्या घरच्यांना सावरतो. चहात साखर इतकी घेतो की चमचा उभा राहावा. "एक सुटलं की दुसरं लागतंच, बाई."

मला म्हणाला, "भावाला एकच वाक्य सांगा. मनातलं."

मी उभी राहिले. बसून मला बोलताच येत नाही. माणसाचं स्वातंत्र्य, गुलामीची गोडी, इच्छाशक्ती – अगदी रंगात आले. थांबले तेव्हा कोच म्हणाला, "फक्कड झालं. पण हे भावाला सांगितलंत की मैदानाला?"

धाकटा हसू दाबत होता. वाक्य राहिलंच.

शनिवार, ८ मार्च

माळ्यावरून जुना अँप्लिफायर निघाला. धाकटा दुपारभर फडक्याने पुसत बसला.

माझ्या सगळ्या सभांचा माईकवाला तोच. सायकलला कर्णे बांधून माझ्या आधी पोचायचा. त्याच्या "हॅलो, हॅलो"ने झाडावरचे कावळे उठायचे. मी बोलायला लागले की हा मागे बटणाशी. मी लांबवलं की हळूच आवाज उतरवायचा. मी घसा ताणायची, तो आणखी उतरवायचा. लोकांना वाटायचं, बाईंना गहिवरून आलं – आणि टाळ्या पडायच्या! घरी परतताना मी त्याला सायकलवरच शिव्या घालायची, आणि तो पुढे बसून हसत हसत पेडल मारायचा.

दारूबंदीच्या सभांनाही तोच असायचा. तेव्हा चहासुद्धा फुंकून फुंकून प्यायचा.

"आठवतं का रे?" म्हटलं.

"तुझी भाषणं? पाठ आहेत. शेवट सोडून. शेवट कधी ऐकूच आला नाही."

मंगळवार, ११ मार्च

त्याला काम मिळालं. एका सभागृहात, माईक-स्पीकरचंच. समोर बार आहे. मी जाऊन बघून आले.

गुरुवार, १३ मार्च

तो कामावरून आला, मी मिठी मारली. कोच नेमका घरात होता. धाकटा आंघोळीला गेल्यावर म्हणाला, "बाई, ही मिठी नव्हे. तुम्ही नाक लावता. त्याला कळतं."

"आंधळा विश्वास मी कुणावरच ठेवलेला नाही. सगळी हयात प्रश्न विचारण्यात गेली माझी."

"मग विचारा की. नाकाने कशाला विचारता?"

मी त्याची कपबशी उचलली. वादात हरायची सवय नाही मला.

जाताना चपला घालत म्हणाला, "पाय घसरू शकतो त्याचा. माझाही घसरला होता. पण दारात रोज परीक्षा असेल ना, तर त्या दिवशी तो घरी येणारच नाही. आणि मग मी त्याला कुठे शोधू?"

रविवार, १६ मार्च

आज मिठी मारली नाही. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून पडदा सारखा केला. धाकटा दारात जरा रेंगाळला.

"आज सुट्टी वाटतं नाकाला?"

"जेवायला बस, गाढवा."

किती वर्षांनी गाढव म्हटलं त्याला! जेवताना दोनदा वाढून घेतलं त्याने. मी नुसती बघत बसले. पूर्वी सभेहून आलो की असाच जेवायचा – ताटात मान घालून, एक शब्द न बोलता.

शुक्रवार, २१ मार्च

संध्याकाळी बेल वाजली. किल्ली आहे त्याच्याकडे. दार उघडलं तर तो जिन्यातच, कठड्याला धरून.

"ताई, जवळ येऊ नकोस. आधी सांगतो. आज घेतली. कोचला फोन केलाय, निघालाय तो."

अख्खं भाषण घशाशी आलं.

"आत ये," म्हणाले. एवढंच.

मग मिठी मारली. श्वास रोखून.