शिट्टीचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून कोणावरही हात उगारायचा नाही. घरात संगीत सुरू होत आहे.

बेबी रेकॉर्ड काढते आहे. माझी मुलगी. एक्कावन्न वर्षांची झाली, तरी बेबीच. तीस वर्षं हॉटेलांतून जेवणाऱ्या लोकांपुढे गायली, आता पहिल्यांदा स्वतःचा आल्बम. आठ गाणी. जुनी, गाजलेली, संथ. जॅझ म्हणतात. प्रत्येक गाण्यात कोणीतरी कोणालातरी सोडून गेलेलं असतं, आणि मागे राहिलेलं माणूस आवाज न चढवता ते सांगतं. मी असतो तर चढवला असता.

रेकॉर्डिंग आमच्या पुढच्या खोलीत. पियानो आमचा आहे आणि तो जिन्यातून उतरत नाही. वर कसा आला हे आता कोणालाच आठवत नाही.

घाई यासाठी, की बेबीच्या घशात गाठ आहे. अठरा तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल, पण हाच येईल असं नाही. म्हणजे जे गायचं ते त्याआधी.

खोली शांत हवी. शांतता राखायची जबाबदारी मी घेतली. कोणी दिली नाही, पण घरातल्या मोठ्या माणसाला असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. चाळीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होतो. आवाज काय चीज आहे ते मला विचारा. कान त्यातच गेले. पण आता उजव्या कानात मशीन आहे, उत्तम चालतं. ही म्हणते, अधूनमधून वाजतं. हिचेच कान वाजत असतील.

४ फेब्रुवारी, बुधवार

मंडळी आली. एक कानांवर टोप्या लावून बसणारा यंत्रवाला. एक पिपाणीवाला, तो पिपाणीला ट्रम्पेट म्हणतो. एक ढोलवाला, पण ढोलाला मारत नाही, तारांच्या झाडूने झाडतो. मला आवडला नाही. मारायचं तर मारावं. चौथ्याचं वाद्य म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन, दोन दारांच्या कपाटाएवढं. त्याला मी कपाटवाला म्हणतो. तो कोणालाच काही म्हणत नाही.

पियानो बेबी स्वतःच वाजवते.

खाली तळमजल्यावर सुताराचा मशीनचा रंधा चालू होता. जाऊन सभ्यपणे बोललो. बोलून झाल्यावर त्याचं नाक माझ्या काठीच्या मुठीला लागलं. मग त्याची फळी माझ्या खांद्याला लागली. फिट्टंफाट. रक्त धुवायला तो आत गेला आणि तेवढा वेळ रंधा बंद राहिला. त्यात पहिलं गाणं झालं.

यंत्रवाला म्हणाला, सगळं छान, पण मधेच एक शिट्टी येते. बारीक आणि उंच. नेमकी गाण्याच्या सगळ्यात हळू जागी. मला ऐकवली. मला ऐकू आली नाही. यावरून ती किती बारीक आहे ते कळतं.

कोणीतरी बेबीच्या वाईटावर आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहारा सुरू. मी पॅसेजमध्ये, दाराला उजवा कान लावून. आत काय चाललंय ते कळलं पाहिजे ना. बेबी आवाज खाली नेते तेव्हा कान आणखी दाबून धरतो.

पुन्हा शिट्टी.

वरच्या मजल्यावर एक वजनं उचलणारा राहतो. जिन्यात तो ओठांनी काहीबाही वाजवत असतो. त्याला गाठलं. शांतपणे म्हणालो, शिट्टी काढ. तो म्हणाला, कसली शिट्टी, काका. काका म्हटल्यावर माझा तोल गेला आणि छत्री त्याच्या पोटात गेली. मग त्याने मला उचललं. सवय आहे त्याला. पुढचे दोन जिने मी आपणहून उतरलो, फक्त पायांनी नाही.

हनुवटीला टाके. वरच्या कवळीला तडा. दवाखान्यात होतो तेवढ्यात इकडे दोन गाणी झाली. एकदम स्वच्छ, शिट्टीचं नाव नाही.

विचार केला. मी पहाऱ्यावर असतो तेव्हा शिट्टी वाजते. मी नसतो तेव्हा वाजत नाही. म्हणजे शिट्टीवाला माझ्यावर पाळत ठेवून आहे. आकस बेबीशी नाही, माझ्याशी आहे.

उद्यापासून जास्त जवळ उभं राहायचं.

७ फेब्रुवारी, शनिवार

कबुतरांवर संशय. सायकलच्या ट्यूबची गलोल केली. नेम अजून चांगला आहे. एकही कबुतर मेलं नाही. समोरच्या बिल्डिंगमधली खिडकी मात्र गेली. खिडकीमागे एक बाई दिसली, मग तिने आमच्या जिन्यात येऊन मला कुंडी फेकून मारली. कुंडी मी चुकवली. माती चुकवता आली नाही.

ही म्हणाली, अहो, तुम्ही जरा गावाला का जाऊन येत नाही. मी म्हणालो, पहारेकऱ्याने जागा सोडायची नसते. ही म्हणाली, तेच तर.

आज राग आला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पिपाणीवाल्याच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. हे मला आधी का सुचलं नाही? फटीतून हवा, हवेतून शिट्टी. साधं गणित.

चहाच्या वेळी त्याला म्हणालो, आ कर. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, त्याने हसून आ केला. फट मोजायला बोट घातलं. हे वैद्यकीय कारणासाठी होतं. तो चावला. चावा बसलेल्या माणसाने हात मागे घ्यायचा असतो, पण माझा हात पुढे गेला आणि समोर पिपाणी होती. ती त्याच्या ओठात गेली. ओठ टमाट्यासारखा फुटला.

पिपाणीवाला गेला. जाताना जे बोलला ते ओठामुळे नीट कळलं नाही.

बेबी आत गेली. कोमट पाणी प्यायली. लहान होती तेव्हाही रागावली की ती गप्प व्हायची. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी यंत्रवाला म्हणाला, ट्रम्पेटशिवाय गाणी मोकळी वाटतात, कदाचित जास्त चांगली. म्हणजे शेवटी उपयोग झालाच. हे बेबीला मी दोनदा सांगितलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तारांचे झाडू. दुसरं काय असणार.

फक्त बघायला मागितला. ढोलवाला देईना. ओढला. त्याने सोडला, तो माझ्या गालावर. गाल किसणीवर घासल्यासारखा झाला. मी उलट हात उगारला नाही, ठरलं आहे तसं. लाथ मारली. पाय मोठ्या ढोलातून आत गेला आणि निघेना. ढोलवाला ढोल वाचवायला मला ओढू लागला, मी पाय वाचवायला ढोलाला, आणि कपाटवाला कडेला उभा राहून बघत होता. शेवटी ढोलासकट मला दवाखान्यात नेलं. जिन्यात सुतार भेटला, नाकाला पट्टी. दोन पायऱ्या मागे सरकून त्याने वाट दिली. मान ठेवतो आता.

मी नसताना बेबी आणि कपाटवाल्याने दोन गाणी केली. शिट्टी नाही. शिट्टीवाल्याला माझ्या दवाखान्याच्या वेळा कळतात तरी कशा?

ढोलवाला काम सोडून गेला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आता फक्त बेबी आणि कपाटवाला. मी पहाऱ्यावर. पहिलंच गाणं पुन्हा घेतलं, पुन्हा शिट्टी.

कपाटवाला बाहेर आला. मी त्याच्या पोटात एक ठेवून दिली. मऊ आहे, पण आत काहीतरी कडक लागतं. त्याने माझी कॉलर धरली, मला पॅसेजमधल्या खऱ्या कपाटात ठेवलं, हिच्या कोटांमध्ये, आणि किल्ली फिरवली. मी आतून पुष्कळ मारलं. कोटांना लागलं. बाही डोळ्यात गेली. एका कोटाशी बराच वेळ झोंबलो, तेव्हा कळलं की तो माझाच आहे.

संध्याकाळी काढलं. तेवढ्यात तीन गाणी झाली होती, पहिलं धरून. एकदम स्वच्छ.

माझ्या आतल्या आरडाओरड्याने शिट्टीवाला घाबरला असणार. कपाट जाड असल्याने ओरडणं रेकॉर्डमध्ये आलं नाही, शिट्टीवाल्यापर्यंत मात्र पोचलं. हे मी यंत्रवाल्याला समजावलं. तो माझ्याकडे फार वेळ बघत राहिला. पटलेलं दिसलं.

आता एकच राहिलं. रिकाम्या खुर्चीचं गाणं. बेबीला ते सगळ्यांत जास्त हवं आहे. सगळ्यांत हळू तेच आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

खुर्चीचं गाणं. एकाच ओळीवर दर वेळी शिट्टी. ओळ अशी काहीतरी, की तू उठून गेलास आणि खुर्ची अजून ऊबदार आहे. मी दाराबाहेर श्वाससुद्धा घेत नव्हतो. कान इतका दाबला होता की दाराची नक्षी गालावर उठली.

बेबीचा आवाज दुपारी चिरकला. पाणी प्यायली, पुन्हा चिरकला. ही म्हणाली, आज पुरे. बेबी मान खाली घालून पियानोचं झाकण बंद करून बसली. परवा शेवटचा प्रयत्न. त्यानंतर डॉक्टर गाऊ देणार नाहीत.

शिट्टीवाला सापडला तर मी फासावर जायला तयार आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहिताना त्रास होतो. डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे आणि वही सरकते.

सकाळी गाणं सुरू झालं. ऊबदार खुर्ची आली. मी कान दाबला. तेवढ्यात यंत्रवाला कानांवरच्या टोप्या गळ्यात घेऊन दबक्या पावलांनी बाहेर आला आणि माझ्याकडे बोट दाखवून उभा राहिला. म्हणजे हा. आतलाच माणूस. मी काठी घातली. एक टोपी फुटली. तो ओरडला. ओरडण्याने वरून वजनवाला आला, खालून सुतार आला. मला वाटलं मदतीला आले. वजनवाल्याने माझी काठी धरली, मी सुताराचं नाक धरलं, सुताराने चुकून यंत्रवाल्याला मारलं, यंत्रवाल्याने मुद्दाम मला. मग माझा डावा हात वजनवाल्याच्या खाली आला. पॅसेज अरुंद आहे.

बेबी बाहेर आली. सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या कानातलं मशीन काढून घेतलं.

सगळं एकदम विझलं.

तिने मशीन मुठीत धरलं. मूठ मिटली तशी सगळ्यांची तोंडं दात आंबल्यासारखी झाली आणि सगळे मुठीकडे बघायला लागले. मूठ उघडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुन्हा मिटली. पुन्हा तोंडं. सुतारसुद्धा, फुटक्या नाकाचा. हिने पदर कानाला लावला. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

बेबीचे ओठ मला वाचता येतात, लहानपणापासून.

"बाबा, ती शिट्टी तुमची आहे. तुम्ही मला ऐकायला कान दाबता ना, तेव्हा वाजते."

मशीन सदोष आहे. हे मान्य. विकणाऱ्याला मी बघून घेईन.

मी म्हणालो, मग मी खाली जाऊन बसतो. तिने जाऊ दिलं नाही. खोलीत नेलं, पियानोजवळ बसवलं, माझा उजवा हात लाकडावर ठेवला आणि तोंडावर बोट ठेवलं. डावा हात तोवर सुजून दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. मी हूं का चूं केलं नाही.

ती गायली. मी काही ऐकलं नाही. पण प्रेसवर असताना पत्रा सरळ चाललाय की तिरका, ते मी तळहातावरून ओळखायचो. हे गाणं सरळ चाललं होतं. मधे एकदा लाकूड अगदी बारीक थरथरलं. तिथे तो माणूस उठून गेला असणार. मी दगडासारखा बसून होतो. पापणीसुद्धा हलवली नाही.

संपलं. यंत्रवाल्याने बेबीकडे बघून भुवया वर केल्या, पुन्हा घ्यायचं का अशा. बेबीने गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. तेवढाच आवाज उरला होता.

मी नसतो तर झालं नसतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन ठीक झालं. बेबीला बोलायची बंदी. तिच्या कॉटवर बसू नका म्हणून एका नर्सने मला दंडाला धरून उठवलं. मी हात उगारला नाही. उगारला जात नाही.

२० एप्रिल, सोमवार

आल्बम आला. कव्हरवर बेबीचा फोटो, हात पियानोवर. चांगला आहे. बेबी आता बोलते, पण आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. गाण्याचं अजून कोणी काढत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. म्हणजे जुना आवाज आहे तो यातच.

माझं मशीन नवीन आहे. हे वाजत नाही.

दुपारी सगळे बसलो. ही भाजी निवडत होती. सात गाणी ऐकली. सगळी सरळ. मग आठवं, रिकाम्या खुर्चीचं. ऊबदार खुर्चीची ओळ आली आणि तिथे, बेबीच्या आवाजाच्या खालून, कोणीतरी पुरुष विव्हळला. अडकलेल्या जनावरासारखं. नाक ओढलं. पुन्हा विव्हळला. मग बेसूर हुंकार देत गाणं संपेपर्यंत तिच्यामागे फरफटत राहिला.

माझं डोकं फिरलं. तिचं शेवटचं गाणं. आता पुन्हा होणार नाही ते. आणि हा कोण नालायक मधे गळे काढतोय? कपाटवाला? त्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, म्हणजे तो असू शकतो. यंत्रवाला? त्याचा एक कान फोडलाय, दुसरा आहे अजून. प्लॅस्टर निघालं आहे. काठी कोपऱ्यातच होती, ती घेतली. चपला घातल्या. दारातून हिला सांगितलं, तो कोणी असो, आज त्याचे दात घशात घालून येतो.

बेबीने गळ्यावर हात ठेवला होता. आवाज न करता हसत होती. हसत असावी. डोळ्यांतून पाणी येत होतं.

हिने निवडणं थांबवलं नाही.

"अहो, त्याचे दात सकाळपासून मोरीपाशी वाटीत पडलेत."

जाऊन पाहिलं. भिजत होते.