शाळेपुढच्या लिंडनची नोंद

४ मार्च २००४

चि. तिहोमिर यास वेल्कोमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

टक्, टक्, टक् आणि मग एकदम भप्प! आज पहाटे हा आवाज कानात घेऊनच जागा झालो. बाहेर वळचणीचा बर्फ वितळून ठिबकत होता, दुसरं काही नव्हतं. आवाज होता पन्नास वर्षांपूर्वीचा. आमचे उस्ताद लाकडी मोगरीने खोडाला ठोकत झाडाभोवती प्रदक्षिणा घालायचे आणि आम्ही नवखे श्वास रोखून ऐकत राहायचो. टक् म्हणजे भरीव, चढा बिनधास्त. भप्प म्हणजे आत पोकळ, दोर टाकायचा नाही. एवढ्या एका विद्येवर मी पस्तीस वर्षं झाडांवर काढली आणि खाली उतरलो तेव्हा हातपाय जागच्या जागी होते.

तुझं पत्र पोचलं. टपालवाला म्हणतो, आता फोन घ्या आजोबा. त्याला म्हटलं, फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने रचतो, त्यापेक्षा तुझी सायकल बरी. तुझी अकॉर्डियनची शिकवणी चालू आहे हे वाचून शेजाऱ्यांची दया आली. तुमच्या तुकडीतला तो प्लामेन तुला म्हणाला ना, की तू वाजवायला लागलास की त्याची कबुतरं उलटी उडतात? त्याला माझ्यातर्फे शाबासकी दे. त्याच्या बायकोसाठी, झिवकासाठी, चमचा कोरतोय. दांड्यावर कबुतर काढायला गेलो ते कोंबडी झालं आहे, पण चालवून घे म्हणावं.

शाळेपुढच्या लिंडनच्या झाडाची छाटणी तुमच्याकडे आली म्हणतोस. त्याच्या सावलीत पेनेवाबाई आम्हाला कविता पाठ करायला बसवत. जूनमध्ये फुलोरा आला की मधमाश्यांचा असा घुमारा चढे की मागच्या रांगेला कडवं ऐकूच जात नसे. मी पुढे बसायचो. आयुष्यात जे काही चांगलं ऐकलं ते त्या झाडाखाली. त्याच्या प्रकृतीची काळजी करू नका, माझ्या हाताखालून गेलेलं झाड आहे. फार बोडकं तेवढं करू नका.

(इथे चार ओळी खोडल्या आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. म्हाताऱ्याचा हात भलतंच लिहीत सुटतो.)

कामावर निघताना मनगटाला मार्चचा, आरोग्याचा लाल-पांढरा दोरा बांधत जा. तुझ्या आईची आठवण म्हणून तरी. आहे तो जिव्हाळा कमी करू नकोस.

तुझा,
वेल्कोमामा


२० मार्च

ती. वेल्कोमामांस तिहोमिरचा शि. सा. न. वि. वि.

मामा, प्लामेन गेला.

मंगळवारी सकाळी लिंडनवर काम होतं. मी स्वतः ठोकून पाहिलं. पाच ठिकाणी, चारी बाजूंनी, गुडघ्यापासून हात पोचेल तिथपर्यंत. सगळीकडे भरीव. प्लामेन पट्टा आवळत ओरडला, अरे किती वाजवशील, तुझं अकॉर्डियन आहे का ते? सगळे हसले. मीही हसलो. मग तो चढला. वरच्या दुबेळक्यात त्याने दोर अडकवला, दोन फांद्या उतरवल्या. तिसरीला करवत लावली आणि खोड दीड पुरुष उंचीवर मोडलं. वारा नव्हता. आधी काही कडकडलंही नाही. अख्खं झाड त्याला घेऊन शाळेच्या भिंतीवर आलं. वर्ग चालू होते. खिडक्यांत मुलं उभी होती.

दोन दिवस इस्पितळात होता. शुद्धीवर आला नाही. काल पुरलं.

मोडलेल्या खोडात सिमेंट आहे, मामा. पिंपाएवढा गोळा, त्यात नदीतली खडी. भोवती जेमतेम वीतभर लाकूड, आणि सिमेंटला टेकलेलं सगळं कुजून काळं पडलेलं. ओलं, चहाच्या चोथ्यासारखं. मी ठोकत होतो ते लाकूड नव्हतंच. तुमच्या काळी पोकळ्या अशा भरायचे, हे मला ठाऊक आहे. हा कुणाच्या हातचा, काही आठवतं का? चौकशी बसली आहे. झाड तपासून माणूस चढवण्याची जबाबदारी माझी होती, म्हणून पहिलं नाव माझं आहे.

जास्त लिहवत नाही. आशीर्वाद असू द्या.

आपला,
तिहोमिर


२९ मार्च

चि. तिहोमिर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चार दिवस लेखणी उचलवली नाही. तो हसरा माणूस. गेल्या शरदात तुझ्याबरोबर इथे आला होता, माझ्या अक्रोडावर दोराशिवाय चढू लागला तेव्हा मी त्याला काठी दाखवली होती. आजोबा, तुमच्यापेक्षा झाड मऊ आहे, म्हणाला होता. परमेश्वर त्याला उजेडात ठेवो.

सिमेंटचं म्हणशील तर तेव्हा आम्ही ते चांगलंच समजत होतो. डॉक्टर दातात चांदी भरतो तसं. झाड आतल्या आत ओलं राहतं आणि कुजतं, हे शहाणपण मागाहून आलं. आपल्या छाटणीच्या कार्यशाळेत तेव्हा तिसेक माणसं होती. कुणी कुठे काय भरलं ते इतक्या वर्षांनी कोण सांगणार? नोंदवही बघ. भरलेल्या झाडाची नोंद असतेच.

तू जेवतोस का? माझा अनुभव असा, की दुःखात माणसाने गरम सूप प्यावं आणि मोठ्याने काहीतरी पाठ म्हणावं. मी काल बाईंनी शिकवलेल्या तीन कविता म्हटल्या. तिसरीचं शेवटचं कडवं आठवेना.

मधाची बाटली पाठवतो आहे. माया असू दे.

तुझा,
मामा


८ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न.

नोंदवही पाहिली. तळघरातून चारही जुन्या वह्या काढल्या, दोन दिवस पान न् पान चाळलं. भरलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांक आहे आणि खोडावर नाण्याएवढी पत्र्याची चकती. ती दिसली की आम्ही दोर टाकत नाही, शिडीची गाडी मागवतो. शाळेपुढच्या लिंडनला चकती नाही. वहीत सिमेंटची नोंद नाही. नुसतं ‘सुस्थितीत’ लिहिलं आहे. सही ओलीने पुसली आहे.

चौकशीचे साहेब म्हणतात, वीस वर्षं काम केलेल्या माणसाला सिमेंट आणि लाकूड यातला फरक कानाने कळायला हवा. आधी मी भांडलो. आता मी सगळंच ठोकत सुटलो आहे. दार, टेबल, पाव, स्वतःची मांडी. मला फरक कळेनासा झाला आहे. कदाचित त्या दिवशीही कळला नसेल. कदाचित तीनच ठिकाणी ठोकलं असेल आणि पाच म्हणतोय. प्लामेन हसवत होता ना.

गड्यांनी त्याच्या निधनाची पत्रकं रस्त्यातल्या झाडांना लावली. खिळे न मारता सुतळीने बांधली. येता-जाता झाडांतले खिळे उपटत बसायची त्याला सवयच होती. झिवकाने कबुतरांचं खुराडं उघडून दिलं, पण एकही उडून जात नाही. परवा ती कार्यशाळेत त्याचे बूट न्यायला आली होती. तिने मला एकच विचारलं, नीट ठोकलं होतंस? मी हो म्हणालो. मग खोटं कोण बोलतंय, म्हणाली, झाड?

वीस तारखेला, मंगळवारी, शेवटची सुनावणी आहे. तपासणीत कसूर केली, असा कबुलीजबाब त्यांनी टंकून ठेवला आहे. मी सही करणार. परवाना जाईल, आत जावं लागलं तर तेही. निदान झिवकाला दोष द्यायला एक नाव तरी मिळेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याच हाताखाली मी शिकलो. कमी पडलो तो मी.

मध मिळाला. कळावे.

आपला,
तिहोमिर


१७ एप्रिल

चि. तिहोमिर,

सही करू नकोस. ते सिमेंट मी भरलं.

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही म्हणून तसाच सुरू करतो आहे. तू पाच ठिकाणी ठोकलंस. तू नीट ऐकलंस. तुझ्या मोगरीला मी पस्तीस वर्षं आधीच फसवून ठेवलं होतं.

एकोणसत्तरच्या शरदात त्या झाडाच्या तपासणीला मला एकट्याला पाठवलं. खोडाचा तिसरा हिस्सा पोकळ निघाला की झाड पाडायचं, असा नियम होता. मी ठोकलं. भप्प. दुसरीकडे ठोकलं, भप्पच. त्याच वर्षी पेनेवाबाई वारल्या होत्या. मी खाली बसलो आणि शाळकरी पोरासारखा रडलो. मग वहीत ‘सुस्थितीत’ लिहिलं. ती पुसलेली सही माझी आहे.

पुढच्या रविवारी शाळा बंद होती. हातगाडीवर दोन पोती सिमेंट आणि नदीची खडी नेली. ढोलीतून आत ठासली, तोंड गिलाव्याने लिंपलं, वर शेवाळ आणि सालीचे तुकडे दाबून बसवले. दहा वर्षांत सालीने ती जागा गिळून टाकली, वीस वर्षांनी मलाच सापडेना. चकती ठोकली नाही. चकती लागलेलं झाड दरवर्षी तपासलं जाई आणि शेवटी पाडलं जाई. मी दर जूनला टोपी काढून त्याच्याखालून जायचो, एखादं कडवं म्हणायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. झाड वाचवलं म्हणून. त्याच्यावर कधी माणूस चढेल, याचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि पुढे ढकलला.

मार्चच्या पत्रातल्या त्या चार खोडलेल्या ओळी याच होत्या. लिहिलं होतं, आत सिमेंट आहे, दोर टाकू नका, शिडीची गाडी आणा. मग मनात आलं, भाचा काय म्हणेल, मामाने खोटी नोंद केली? आणि खोडलं. प्लामेन त्या खोडण्यापायी गेला. त्यानंतरचं पत्र त्याहून नीच. नोंदवही बघ, असं तुला सांगितलं. तिच्यात काही नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

गेल्या मंगळवारी चौकशीच्या साहेबांना सगळं लिहून नोंदणी टपालाने पाठवलं आहे. झिवकालाही वेगळं पत्र घातलं. तिला लिहिताना चार कागद फाडले. चांगले शब्द सगळे मला यायचे, त्यातला एकही उपयोगी पडला नाही. वीस तारखेला मी स्वतः तिथे उभा राहीन. पोलीस त्याआधी येतील म्हणून पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. दोन सदरे, चष्मा, औषधं.

माफी मागत नाही. तू मला मामा म्हणायचं सोडलंस तरी चालेल, फक्त स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडू नकोस.

तुझा,
वेल्को

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. पोलीसच असतील म्हणून कोट चढवून, पिशवी हातात घेऊन दार उघडलं. झिवका आहे. डोक्याला काळा रुमाल, बसचं तिकीट अजून मुठीत. आत ये म्हटलं, नाही म्हणाली. पाणीसुद्धा नको म्हणाली. शिव्या देईल, तोंडावर थुंकेल, त्यासाठी मी तयार होतो. तिने विचारलं, अशी आणखी किती झाडं? मी पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, एकदा पचलं म्हणून तुम्ही तिथेच थांबला असाल, असं मला वाटत नाही आजोबा. त्याच्या तुकडीतली माणसं सोमवारपासून पुन्हा चढणार आहेत. परतीची बस साडेअकराला आहे. बूट घाला, चला, बोट ठेवून दाखवा.

हे पत्र टपालात टाकत नाही, सोबतच आणतो. सोमवारी कुणालाही वर पाठवू नकोस.

चार आहेत, तिहोमिर. कुणालाच सांगितलं नव्हतं. मी बुटाच्या नाड्या बांधतो आहे, आणि ती उंबऱ्याबाहेर उभी आहे.