आधी फोन, मग कोंडायचं

३ नोव्हेंबर, सोमवार

बंगळूरहून तक्ता आला. कंपनीची मालमत्ता भरून पाठवा. रकाने अकरा: कधी विकत घेतलं, कुणाकडून, अजून किती वर्षं चालेल. स्वतः केलेल्या वस्तूला रकाना नाही. तर मग इथे लिहितो.

माझ्या हातचं: सर्व्हरची मांडणी, स्लॉटेड अँगलची, सहा खणी, चौदा वर्षांत एक नट ढिला नाही. भिंतीवरच्या बारा स्क्रीनचा सांगाडा. नोंदपेट्या नऊ, भंगारातल्या पीसींतून केलेल्या, ज्या कारखान्यांवर आम्ही व्हायरस-घुसखोरीसाठी पाळत ठेवतो तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरची हालचाल एका जागी गोळा करतात, सात चालू. इशाऱ्याचा भोंगा (रिक्षाचा हॉर्न). केबलची टोकं ४१६, मोजून. दारावरची पहिली पाटी, आता माळ्यावर. ग्राहकांच्या यंत्रांचं रजिस्टर, चार खंड, अक्षर माझं.

आणि ‘आधी फोन’ हा नियम. तो काही हाताने केलेला नाही. पण माझाच.

५ नोव्हेंबर, बुधवार

नव्या मालकांचा माणूस आला. ऋषिकेश, पुण्याचा, चौतिशीचा, बोलायला गोड. तीन महिने बोईसरलाच राहून आमचं काम बंगळूरच्या यंत्रणेवर चढवणार.

त्याने फळ्यावर मालकीचं चित्र काढलं. आधी मी आणि हेमंत, निम्मे-निम्मे. मग पुणेवाले, हेमंत तेव्हा सगळं विकून नाशिकला गेला, मी अठरा टक्के धरून राहिलो. आता पुणेवाल्यांना बंगळूरने घेतलं. बंगळूरच्या वर अजून एक चौकोन, सिंगापूरचा.

दर्शना शिफ्टवर होती. सफाळ्याची, माझ्याकडे नऊ वर्षं. म्हणाली, “दादा, आपला चौकोन दिसायला चष्मा लागेल.”

मग मुद्द्यावर आलो. त्यांच्या यंत्रणेत कॉम्प्युटरवर काही संशयास्पद दिसलं की नव्वद सेकंदांत तो आपोआप कोंडला जातो, नेटवर्कपासून तोडला जातो. विचारणं नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला ठीक. पण इथे अर्धे ग्राहक केमिकलवाले. तिथल्या पीसीवर रिॲक्टरचं तापमान दिसतं. तो कोंडलात तर बॅच चालू असताना ऑपरेटर आंधळा. म्हणून आमच्यात पहिल्या दिवसापासून आधी फोन, आ.फो. शिफ्ट इनचार्जला फोन करायचा, तो हो म्हणाला तरच कोंडायचं.

ऋ.: “विलास सर, फोन नाही उचलला तर?”

“तर गाडी काढून जायचं. जास्तीत जास्त बारा मिनिटं. मी मोजलंय.”

हसला. मग विचारलं, “सर, तुमचं सर्टिफिकेशन कोणतं?”

नाही म्हटलं. टीव्ही दुरुस्त करत होतो, पुढचं पुस्तकं आणून शिकलो. त्याने लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मान्य झालं, पण त्यांच्या पद्धतीने. आपोआप कोंडू नयेत अशा यंत्रांची यादी मी द्यायची. यादीत असेल त्यालाच आ.फो. लागू, बाकी सगळ्याला नव्वद सेकंद.

तीन दिवस रजिस्टर घेऊन बसलो. प्रत्येक यंत्राचा बारा अक्षरी क्रमांक, दोनदा वाचून. त्रेसष्ट यंत्रं. दर्शनाच्या मसुद्यात एका जागी शून्याऐवजी ओ होता, तिला सुनावलं. ती: “दादा, माणूस आहे मी.” मी: “यंत्राला ते माहीत नसतं.”

आज यादी दिली. ऋ. म्हणाला, इतकी स्वच्छ यादी कुठल्याच ऑफिसातून आली नाही. खरंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

माकुणसारला. थोरला भाऊ वाडीत केळीचे घड उतरवत होता. ऑफिसच्या दारावरचा बोर्ड बदलला हे त्याला कळलेलं.

“तिसरा बोर्ड ना रे? आमी केळी लावतो ती आमचीच रातात. तुजं काय हाय मग तिथं?”

“अठरा टक्के.”

“म्हंजे बाराची फणी असली तर दोन केळी. आनि तिसरं चाखून परत द्याचं.”

हिशेब बरोबर होता, म्हणून जास्त लागलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दहाला बदल झाला. माझ्या सात पेट्या बंद. पंखे थांबल्यावर खोली एवढी शांत असते हे माहीतच नव्हतं. दर्शनाने चहा आणून ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

११.२२. रंगाचा कारखाना, रिॲक्टर दोन. तिथल्या इंजिनिअरने रिपोर्ट काढायला पेनड्राइव्ह लावला, त्यात व्हायरस. यंत्रणेने पकडलं. ११.२४ ला पीसी कोंडला.

आपोआप. फोन नाही.

बॅच तापायच्या टप्प्यात होती. स्क्रीन काळा. मेंटेनन्सचे सोनवणे धावत वर गेले, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडला. ऑपरेटर यादव भांड्यावरचा काटा बघायला वाकला तेव्हा झडपेतून वाफ आली. डावा हात भाजला, मनगटापासून कोपरापर्यंत.

मी अकरा मिनिटांत पोचलो. तोवर तापमान उतरू लागलेलं. सोनवणेंचा शर्ट पिळून काढावा असा भिजलेला. मला बघून एवढंच म्हणाले, “विलासभाऊ, तुमचा फोन नाही आला.”

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

यादवला भेटलो, दवाखान्यात. कातडी येईल, बोटं हलतात. “साहब, स्क्रीन तो अंधा हो गया था. हाथ से ही देखना पड़ा.” माझ्यावर राग नाही त्याचा. मी कोण तेच त्याला माहीत नाही.

ऑफिसात येऊन यादी काढली. रिॲक्टर दोन आहे, एकोणचाळिसावी ओळ. पण कोंडलेल्या पीसीचा क्रमांक वेगळा. म्हणजे पीसी बदललेला. कधी? रजिस्टरमध्ये काही नाही.

मग हीच वही, मागची पानं. २२ मे: ‘सोनवणेंचा फोन. रि. दोनचा पीसी जळाला, नवा बसवला. क्रमांक घेतला. रजिस्टरला घालणे.’ खाली बारा अक्षरं, माझ्याच हातची. त्याच पानावर पुढे: एडवणला मेव्हणीकडे लग्न, दुपारी निघणे.

रजिस्टरला घातलं नाही.

पुन्हा वाचलं. पुन्हा.

दर्शनाने विचारलं, “सापडलं का काही?” मी म्हणालो, बघतोय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सोनवणेंना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. कारखान्याचं म्हणणं, पीसी बदलल्याचं आम्हाला कळवणं हे त्यांचं काम होतं, कळवल्याचा कागद दाखवा. कागद कुठला? इथे सगळं फोनवर.

त्यांच्या खोलीवर गेलो. धुळ्याकडचा माणूस, भाड्याच्या दोन खोल्या, मुलगी दहावीला. पलंगावर मोबाइल धरून बसलेले, मेमधले कॉल शोधत. फोन ऑगस्टमध्ये बदललाय, जुनं काही उरलं नाही.

“विलासभाऊ, मी तुम्हाला सांगितलं होतं ना हो? का नुसतं मनात होतं, सांगू म्हणून? मला आता खात्री नाही. ती म्हणते विसरला असाल.”

बायको दारात उभी होती. मी पाणी प्यालो. म्हणालो, आठवून बघतो.

आठवून बघतो! पान उघडून ठेवलं होतं टेबलावर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस कारखान्या-कारखान्यात फिरून उरलेली यंत्रं स्वतः पाहिली. प्रत्येकामागे वाकून क्रमांक वाचला. बासष्टच्या बासष्ट बरोबर. एरवी ऑफिसभर सांगत फिरलो असतो.

२ डिसेंबर, मंगळवार

ऋ.ने अहवालाचा मसुदा दिला. चौथं कलम: ‘यंत्र बदलल्याची सूचना ग्राहकाकडून प्राप्त झाली नाही.’ खाली सहीला जागा, यादी ठेवणारा म्हणून माझी.

करार असा: ग्राहकाने कळवलं नसेल तर जबाबदारी त्याची. कळवलं असेल तर आमची.

मी: “हे तुला कुणी सांगितलं?”

ऋ.: “सर, तुमच्या रजिस्टरमध्ये नाही म्हणजे सूचना नाही. तुमचं रजिस्टर कधी चुकत नाही, इथे सगळेच सांगतात.”

टोमणा नव्हता. मनापासून म्हणाला.

दोन दिवस मागितले.

३ डिसेंबर, बुधवार

घरी जेवताना बायकोला, सुलभाला, सांगितलं. वही तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली, हात पुसून पुन्हा वाचली.

“कुणाला दाखवलीत?”

“तुला.”

“घरात हळदीच्या डब्यावर ‘हळद’ लिहून ठेवता. मी एक दिवस जिऱ्याच्या डब्यात मोहरी भरली तर आठवडाभर ऐकवलंत.” तिने वहीवर बोट ठेवलं. “आणि हे?”

भात तसाच राहिला. मग तिनेच विचारलं, तो सोनवणे भाड्याने राहतो का. हो म्हटलं.

“मग दोन दिवस कशाला मागितलेत?”

५ डिसेंबर, शुक्रवार

मसुद्यावर सही केली नाही. ऋ.ला पान दाखवलं. “सर, हे फक्त तुमच्या खाजगी वहीत आहे,” म्हणाला. म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

स्वतः एक पान लिहिलं. तीन वाक्यं. सोनवणे यांनी २२ मे रोजी फोनवर कळवलं. क्रमांक मी उतरवून घेतला. नोंद करायची माझ्याकडून राहिली. सोबत वहीच्या पानाची प्रत. (तिसरं वाक्य चारदा लिहिलं. पहिल्यांदा ‘कामाच्या गडबडीत’ असं घातलं होतं. गडबड कसली, लग्नाला गेलो होतो. खोडलं.)

कारखान्याच्या मॅनेजरांना हातात दिलं. त्यांनी वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. पोच मागितली तर म्हणाले, “बघू. वकिलांना विचारावं लागेल.” शिक्का दिला नाही.

दुसरी प्रत सोनवणेंना. खोलीवर गेलो तेव्हा पायऱ्यांवरच भेटले, भाजी घेऊन. तिथेच वाचली. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं होतं.

“म्हणजे मी सांगितलं होतं,” म्हणाले. वळून जिन्यातून बायकोला हाक मारली, “अगं, सांगितलं होतं मी!”

मग माझ्याकडे बघून हळू, “भाऊ, त्या सोमवारी माझ्या घरी पाणी पीत होता तेव्हा माहीत होतं का तुम्हाला?”

हो म्हणालो.

प्रत घडी करून खिशात ठेवली. वर या म्हणाले नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

दर्शनाला मीच सांगितलं. तिला वाटलं होतंच, म्हणाली. त्या दिवशी मी वही पटकन मिटली होती ते तिने पाहिलं होतं.

“शून्याचा ओ झाला होता तेव्हा किती बोलला होतात मला.”

“माफ कर.”

“माफ नंतर. बासष्ट यंत्रांसाठी अजून यादीचाच भरवसा आहे. उद्या कुणी पीसी बदलला की परत तेच. आ.फो. सगळ्या कारखान्यांना लावून घ्या आधी.”

बंगळूरला लिहिलं. कारखान्याच्या आतलं कुठलंही यंत्र, यादीत असो वा नसो, फोन केल्याशिवाय कोंडू नये. उत्तर आलं: विचाराधीन.

८ डिसेंबर, सोमवार

विचाराधीन. दोनदा फोन केला, उचलला नाही. आज दर्शनाने आपल्या अधिकारात दोन कारखाने आपोआपमधून बाहेर काढले. तासाभरात तिची परवानगी काढून घेतली, कारखाने परत आत.

सोनवणेंना अजून बोलावणं नाही. यादव गावी गेला, उत्तर प्रदेशात बस्तीला, पट्टी बांधलेल्या हातानं.

९ डिसेंबर, मंगळवार

बंगळूरहून दोघं आले, एक बाई कायद्याच्या, एक गृहस्थ हिशेबाचे. ऋ. बाहेर बसला, त्याला आत घेतलं नाही. बाई मराठी चांगलं बोलतात, हुबळीच्या. आवाज चढला नाही कुणाचाच. माझ्यासाठी चहा बिनसाखरेचा मागवला, म्हणजे चौकशी करून आल्या होत्या.

प्रस्ताव झाला तसा उतरवतो. मी शुक्रवारचं पान मागे घ्यायचं. धक्क्यात लिहिलं, तारीख नक्की आठवत नाही, असं पत्र द्यायचं. मसुद्यावर सही. माझे अठरा टक्के ते घेणार. वर तीन वर्षं सल्लागार, यायचं बंधन नाही. सही नसेल तर अठरा टक्क्यांचं पुढे काय ते वकील बघतील, आणि नुकसानीचा दावा झाला तर माझ्यावर वैयक्तिक.

मी विचारलं, आणि आधी फोन?

बाई म्हणाल्या, तो वेगळा विषय आहे.

आकडा कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. एक शून्य जास्त पडलंय का म्हणून मी मोजून पाहिलं. नव्हतं. नाही म्हटलं, कागद परत सरकवला. त्यांनी तो घेतला नाही, टेबलावरच ठेवून गेले. शुक्रवारपर्यंत विचार करा म्हणाले.

अठरा टक्क्यांचे एक कोटी सोळा लाख, सल्लागारीचे सव्वीस लाख. एकूण एक कोटी बेचाळीस लाख रुपये.