बर्फातली दुलई

हिमाचल, शिबिराचा तळ
४ जानेवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले, एवढं आईला सांगा. बाकीचं पत्र तुमच्यासाठी. इथे फोनला रेंज नाही. रेशनच्या गाडीबरोबर टपाल खाली जातं, म्हणून राग कागदावर काढतेय.

आज सरांनी सगळ्यांचं सामान तपासलं. माझ्या सॅकमध्ये ना जॅकेट, ना थर्मल, ना स्लीपिंग बॅग! त्यांच्या जागी आपल्या घरची दुलई, सुती बंड्या आणि तुमचं खादीचं जाकीट. सगळी बॅच हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मलकापूर स्टेशनपर्यंत सॅक तुम्ही मला उचलूच दिली नाही. मी वेडी, बापाची माया समजले!

सर म्हणाले, कापूस भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो. जॅकेट, थर्मल, स्लीपिंग बॅग नसेल तर वरच्या कॅम्पला नेणार नाहीत, आणि वर गेल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. मला पुढे मुलींना डोंगर चढायला शिकवायचंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे भाड्याने काही मिळत नाही. बॅच अठरा तारखेला वर जाईल. पत्र मिळताच सगळं पार्सल करा.

तुमची (आणि तुमच्यावर चिडलेली),
मयुरी

मोताळा
१२ जानेवारी

चि. मयुरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं, हसण्याचा भाग गाळून.

तू चिडलीस, तर मीही चिडलोच आहे. तंबूत स्टोव्ह पेटणार आणि तू अंगभर प्लास्टिक घालून त्यात निजणार! आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नायलॉन घालून आत येऊ देत नाहीत, सुतीच पाहिजे. माझ्या पाळीतल्या किसनरावानं एकदा ऐकलं नाही, जर्सी घालून आला. रुईला आग लागली तेव्हा ती जर्सी वितळून त्याच्या पाठीला चिकटली. मी ओढली, तर कातडी सोबत आली. माझ्या हातात आली, मयुरी. त्या दिवसापासून मी घरात नायलॉन येऊ दिलं नाही, तुझ्या बाहुलीचा झगासुद्धा नाही. मग आता काऊन येऊ देऊ?

दुलईत पहिल्या वेच्याचा कापूस आहे, पिंजाऱ्यासमोर बसून भरून घेतला. तुझ्या सरांना काय कळतं कापसातलं? सामान पाठवणार नाही. गुमान घरी ये.

तुझा बाबा,
दयाराम

ता. क. पोरी, हे पत्र टाकाले मीच चालली. तुह्यं सामानही पार्सल करून राह्यली. त्याईले सांगू नको. तुही आई.

शिबिराचा तळ
२० जानेवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र आणि पार्सल काल मिळालं. बॅच परवाच वर गेली.

हो, पार्सल. आईने सांगू नको म्हटलंय, तरी सांगते. आपल्या घरात एकमेकांपासून लपवून पिशव्या बांधणं आता पुरे झालं. तिला बोल लावाल तर मला आणखी राग येईल.

तुमच्या दुलईत मी एक रात्र काढली. तंबूत साचलेल्या श्वासाच्या वाफेने सकाळी ती ओलीचिंब होती, बाहेर वाळत घातली तर लाकडासारखी ताठ झाली. बुटाची नाडी बांधता येईना इतके हात कापत होते. अकोल्याच्या सुचिताने मला तिच्या स्लीपिंग बॅगेत घेतलं. अठरा तारखेपर्यंत पार्सल आलं नाही, म्हणून सरांनी सांगितलं की मी खालीच थांबायचं. काल दिवसभर मी इथे स्वयंपाकघरात बटाटे सोलले.

आणि तंबूत स्टोव्ह पेटवूच देत नाहीत, बाबा. स्वयंपाक दगडी खोलीत होतो. विचारलं असतंत तर एका वाक्यात सांगितलं असतं.

किसनकाकांचं वाचून मी खूप रडले. रडल्यावर राग उतरेल असं वाटलं होतं, तो वाढला. एवढं मोठं भय तुम्ही इतकी वर्षं माझ्यापासून लपवलंत, आणि शेवटी बोललात ते माझी सॅक रिकामी करून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, कबूल. पण फुंकायचं तर आपलं ताक फुंकावं, दुसऱ्याचं सांडू नये.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा येणार आहे. सामान मलकापूरला मी राहते त्या खोलीवरच भरीन. निघण्याआधी मोताळ्याला मुक्काम करणार नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, तरी लिहितेय.

लोभ कमी करा असं म्हणत नाही. फक्त यापुढे भीती वाटली, तर ती आधी मला सांगा.

आपली,
मयुरी