पाठ भिंतीकडे

सोमवार, ३
आज रुजू झाले. कपड्यांच्या संग्रहालयात प्रदर्शनांची मांडणी करायची, म्हणजे दिवसभर सुंदर कपड्यांत वावरायचं आणि वर पगारही घ्यायचा! ताईला फोन केला तर म्हणाली, नशीब काढलंस. टेबल ऐसपैस, उजेड भरपूर. बावीस वर्षं इथं शिवणकाम करणाऱ्या मावशींनी एकेक कपाट उघडून दाखवलं आणि दुपारी आपल्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

गुरुवार, ६
दालनात मधोमध ठेवायचा हिरवा रेशमी गाऊन आला. तो ज्या मॉडेलसाठी शिवला होता, ती मुलगी गेल्या वर्षी गेली. तिच्या आईनं तो गाडीत मांडीवर घेऊन आणला. म्हणाल्या, "लेकीच्या मापाचा आहे. एक टाकासुद्धा उसवू नका." त्यांचा हात हातात घेऊन मी शब्द दिला.

सोमवार, १०
गाऊन पुतळ्यावर चढेना. मावशी म्हणाल्या, अंगानं बारीक पुतळा मागवू, आठवडा लागेल. उद्घाटन तर शुक्रवारी. त्या जेवायला गेल्या आणि मी कात्री घेतली. मानेपासून कमरेपर्यंत. मग टाचण्या लावल्या, पाठ भिंतीकडे केली. समोरून दृष्ट लागेल असा दिसतो.

मंगळवार, ११
दिवे बसवताना मोठ्या मॅडमनी गाऊनची पाठ पाहिली. कोणी कापला, विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की काल दुपारी इथं मावशीच होत्या. मावशींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. संध्याकाळच्या आत त्यांना काढून टाकलं. चष्मा तिथेच राहिला होता, तो द्यायला फाटकापर्यंत धावले. "राहू दे, पोरी," म्हणाल्या. चष्म्याबद्दल म्हणाल्या की माझ्या खोट्याबद्दल, कळलं नाही.

बुधवार, १२
पाठीला खाज सुटली आहे. आरशात पाहिलं. मानेपासून खाली एक सरळ रेघ, खडूनं आखल्यासारखी. पुसली जात नाही.

गुरुवार, १३
रेघ उकलली. रक्त नाही, दुखतही नाही. डॉक्टर म्हणाले, काहीच दिसत नाही.
पण बोट आत जातं.

शुक्रवार, १४
उद्घाटन झालं. सगळ्यांनी वाहवा केली. मुलीची आई गाऊनकडे फिरकल्याच नाहीत. गर्दीतून सरळ येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. माझ्या मानेवर बोट टेकवून हळूच म्हणाल्या, "कोणी कापलं गं?"
मी म्हटलं, मावशींनी.
फाटल्याचा आवाज फक्त मला ऐकू आला. कमरेपर्यंत.

शनिवार, १५
कुणीतरी आत शिरतंय. बाहीत हात घालावा तसा — आधी उजवा — खांदे ओढून सारखे करतंय. ती मुलगी माझ्याहून उंच आहे. मी पुरत नाही तिला —

रविवार, १६
उजवा हात माझा राहिला नाही. डाव्यानं लिहितेय. मॅडमना चिठ्ठी लिहिली, मावशींना परत बोलवा म्हणून. फाडली गेली. दुसरीही फाडली गेली. तिनं फाडल्या, की मीच —
डाव्या बोटांतही शिरतेय. निदान इथं तरी लिहून ठेवते. मावशींनी कात्रीला हातसुद्धा लावला नव्हता, तो गाऊन मी —