पाद्र्याचं शेवटचं प्रकरण

सर, तुमच्या पाद्र्याचा पत्ता लागला. काल दुपारी इथे अमरावतीला, भाचीनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर, एका इंग्रजी खेड्यातल्या चर्चचं मासिक सापडलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कौंटी संघाकडून सहा उन्हाळे फुकट क्रिकेट खेळलेला, संथ अंडरआर्म चेंडूंनी भल्याभल्यांना फसवणारा तुमचा हा हौशी पाद्री अचानक खेळायचा थांबला कशानं, याचा शोध तुम्ही शेवटपर्यंत घेतलात. त्यापायी तुमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कोरं राहिलं.

अकोल्याच्या जुन्या शहरातली तुमची तेव्हाची खोली. मोर्णा नदीचा पूल ओलांडून मी दर रविवारी येते. तुमचं अक्षर असं, की कॉलेजात तुमचा फळा वाचायला आम्ही चार जणी लागायचो. म्हणून पुस्तकाची साफ प्रत करायचं काम माझ्याकडे. तुम्ही परातीत चिवडा, कांदा, कच्चं तेल कालवताय आणि सांगताय, की तेव्हा हौशी आणि पगारी खेळाडू एकाच संघात असूनही वेगवेगळ्या फाटकांतून मैदानात उतरायचे. फाटकं काय फक्त विलायतेतच असतात का, असंही वर विचारताय. एकदा मी अख्ख्या प्रकरणात 'हौशी'च्या जागी 'शिकाऊ' लिहून आणलं. पगार घेत नाही म्हणजे शिकाऊच असणार, असं मला वाटलं होतं. पगाराशिवाय राबणारी दुसरी माणसं मी पाहिलीच नव्हती. तुम्ही तेलकट बोट त्या शब्दावर ठेवलंत.

"शिकाऊ नाई पोरी, हौशी. शिकाऊले पुढं पगार भेटते. हौशीले कधीच नाई, तरी तो येते."

मी फुगून बसले. दुसऱ्या वाटीभर चिवड्यानंतर बोलायला लागले. तो डाग पानावर अजून आहे.

मग मला परतवाड्याला शाळेत नोकरी लागली. निघताना मी म्हटलं, दर रविवारी येईन, थेट बस आहे. तुम्ही म्हणालात, ये, पाद्र्याला कुठेतरी पोचवू आपण. पहिला रविवार कपडे धुण्यात गेला, दुसरा पेपर तपासण्यात. तिसऱ्या रविवारी लाज वाटली, आणि मग त्या लाजेपायीच वर्षं गेली. तुम्ही गेल्याचंही मला उशिरा कळलं. तुमचा पुतण्या हस्तलिखिताचा गठ्ठा घेऊन आला. चहा घेताना सहज म्हणाला, "काका दर रविवारी दोघायचा चिवडा कालवे. शेवटपर्यंत." मी त्याला सांगितलं, परतवाड्याहून रविवारी बस नसायची. तो गेल्यावर दार लावून खूप रडले. आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. रविवारी माझ्याकडे कोणी येत नाही. चिवडा मी वाटीतच कालवते, परात लागत नाही.

तर पाद्री. तुम्ही त्याच्यासाठी आजारपण धरलं होतंत, कप्तानाशी भांडण धरलं होतंत, एका उन्हाळ्यात तर प्रेमभंगही. तसलं काहीच नव्हतं. मैदानापासून थोड्याच मैलांवरच्या खेड्यात त्याला चर्चचं पगारी काम मिळालं, राहायला घर मिळालं. जुन्या सोबत्यांना तो पुढच्या शनिवारी येतो म्हणाला. मासिकात त्याच्या मृत्यूनंतर कुणीतरी गमतीनं लिहिलंय, की तो शनिवार काही उजाडला नाही.

एवढंच होतं, सर. काल शेवटचं प्रकरण लिहायला बसले आणि दोन ओळींत संपलं: त्याला नोकरी लागली. तो येतो म्हणाला आणि आला नाही. मग तेलाच्या डागाखालचा तो 'शिकाऊ' शोधून काढला. तुम्ही सांगूनही मी तो तेव्हा बदलला नव्हता, रागानं. काल बदलायला घेतला आणि राहू दिला. तुमच्या हिशेबानं पाद्रीही शिकाऊच निघाला. हौशी त्या खोलीत तुम्ही एकटेच होतात.

हे पत्र गठ्ठ्यातच ठेवते, त्या दोन ओळींच्या मागे. पुतण्याला मी खोटं सांगितलं. बस होती, सर.