दोन्ही उणे असले तर

४ जुलै, शुक्र.
नात पल्लवी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीत. काल गणित विचारलं: उणे चारचं वर्गमूळ गुणिले उणे नऊचं वर्गमूळ. मी माझा जुना ठेका म्हटला, "दोन छपरांचं एक करा, आतले आकडे गुणून भरा." छप्पर म्हणजे वर्गमुळाचं चिन्ह. छत्तीसचं मूळ, सहा. झालं.
आज कॉलेजातून आली ती तावातच. "आबा, तुमचा नियम हितं चालंना. उणे सहा येतंय." करून दाखवलं. पोरीचं बरोबर. दोन्ही आकडे उणे असले की नियम मोडतो. हुलसूरच्या शाळेत एकतीस वर्षं हा ठेका म्हणवून घेतला, ही अट एकदाही सांगितली नाही.

५ जुलै
शोभा. नववी ब, खिडकीकडचा बाक. सकाळपासून तीच डोक्यात. तिनं हेच विचारलं होतं. "सर, दोन्ही उणे असले तर बी चालतंय का?"
मला येत नव्हतं. म्हणून "आगाऊपणा करू नको" म्हणून तासभर उभं केलं, ठेका शंभरदा लिहायला लावला. बुद्धनगरातून नववीपर्यंत आलेली ती एकटीच मुलगी. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर "उद्या बघून सांगतो" म्हणालो असतो का? असतो. हे तेव्हाही ठाऊक होतं मला.
त्यानंतर तिनं माझ्या तासाला हात वर केलेला आठवत नाही.

७ जुलै, सोम.
शोभाची आता मन्नाएखेळ्ळीला पिठाची गिरणी आहे, हमरस्त्यालगत. दोन बस बदलून गेलो. घरी सांगितलं, चष्म्याचं काम आहे.
तिनं लगेच ओळखलं. गिरणी बंद करून खुर्ची दिली, हसत अख्खा ठेका म्हणून दाखवला. "शंभरदा लिवलंय सर, कसं इसरन?" कडवटपणानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.
तिची अश्विनी नववीत. काय अडतंय, विचारलं. पोरगी आईकडे बघत राहिली.
"ती काय इचारत न्हाई सर. मीच सांगितलंय, मास्तरला उलटं इचारायचं न्हाई."
"रविवारी येतो, शिकवतो हिला," एवढंच बोललो. सांगायला गेलो होतो ते राहिलंच. भित्रा आहे मी.

१३ जुलै, रवि.
गिरणीमागची खोली. पाटीवर चारचं मूळ गुणिले नऊचं मूळ. उत्तर मुद्दाम सात लिहिलं. कुणीतरी हटकावं म्हणून.
अश्विनीनं वहीच्या कोपऱ्यात बारीक सहा काढला होता. तो तळव्यानं झाकला आणि खाली सात उतरवून घेतला. शोभा दारात उभी.
मग सांगून टाकलं. "शोभा, नववीत तू विचारलं होतंस ते बरोबर होतं. मला येत नव्हतं, म्हणून तुला उभं केलं. आणि हा सातही चूक आहे."
शोभानं हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "तवाच सांगायचं होतं की सर."
आत जाऊन गिरणी चालू केली. त्या आवाजात पुढं काही बोलता येईना. अश्विनीनं वहीतला सात अजून खोडलेला नव्हता.